मानशीची दारे आणि येनचा भाव

पणजीतल्या एका हॉटेलात कार्यशाळा होती. पत्रिकेवर वेळ साडेनऊची, सुरू झाली साडेदहाला. किनारी गावांनी हवामानबदलाला तोंड कसे द्यावे, हा विषय. पैसा परदेशी संस्थेचा, आयोजन इथल्या लोकांचे, पडद्यावरचे तक्ते इंग्रजीतले. चहा-समोसे झाल्यावर खाजन शेती करणाऱ्या चार-पाच जणांना बोलायला सांगितले. तिसवाडीतल्या एका गावाहून आलेली साठी ओलांडलेली बाई उभी राहिली. माईक हातात न घेताच म्हणाली, "बांद फुटला. मानशीचीं दारां कुसल्यांत. तीं कोण घालतलो, तें सांगात." आणि खाली बसली.

दुभाष्याने इंग्रजीत जे सांगितले त्याचा अर्थ असा होता: पायाभूत सुविधांचा दर्जा वाढवण्याची निकड ताई अधोरेखित करत आहेत. परदेशी पाहुण्यांनी मान डोलावली, वहीत काहीतरी टिपले. बाई शेजारणीला विचारत होती, कितें सांगलें गे ताणें?

ज्यांनी मानस पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खाजन म्हणजे खाडीच्या पाण्याखालून बांध घालून सोडवलेली जमीन. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन आहे. बांधाच्या तोंडाशी जी झडप असते ती मानस. भरती चढली की खाऱ्या पाण्याच्या रेट्याने तिची लाकडी दारे आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. वीज नको, पंप नको. मानशीवर सापडणाऱ्या मासळीचा लिलाव व्हायचा आणि त्यावर गावाचा काही खर्च निघायचा. दारे कुजली, वेळेवर बदलली नाहीत, तर खारे पाणी कोरगूट भाताच्या शेतात शिरते आणि पुढची दोन-तीन वर्षे ती जमीन सावरत नाही. समुद्राची पातळी वाढण्याबद्दल त्या दिवशी जेवढे तक्ते दाखवले गेले, त्या सगळ्यांचा गोव्यातला पहिला मुक्काम ही दारेच आहेत.

मला त्या कार्यशाळेची टवाळी करायची नाही. आलेली माणसे सरळ होती, अभ्यासू होती. पण 'देशाच्या शाश्वत विकासाच्या प्राधान्यांना आंतरराष्ट्रीय सहकार्याचा आधार' हे वाक्य त्या दिवशी तीनदा उच्चारले गेले, आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात एकच शंका आली. या वाक्यातला 'देश' नेमका कुठे संपतो?

कागदावर हा प्रश्न वीस वर्षांपूर्वीच सुटलेला आहे. २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात मदत देणाऱ्या देशांनी मान्य केले की विकासाची दिशा घेणाऱ्या देशाने ठरवायची आणि देणाऱ्याने तिच्यामागून जायचे. २०१५ मध्ये अदिस अबाबाला विकासाच्या निधीवरच्या परिषदेत तेच पुन्हा लिहिले गेले. भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात २०२३ ते २०२७ या काळासाठी सहकार्याचा आराखडा झाला आहे. नीती आयोगाच्या सहीने झालेल्या त्या आराखड्याचा पायाही हाच: प्राधान्ये भारताची, साथ त्यांची. तत्त्व उत्तम आहे. फक्त तो 'भारत' दिल्लीहून निघतो, पर्वरीच्या सचिवालयापर्यंत येतो आणि तिथे चहा घेऊन परत फिरतो. मांडवीच्या पुलाखालून जी होडी जाते, तिच्यातल्या माणसापर्यंत तो क्वचितच पोचतो.

गोव्याला आंतरराष्ट्रीय सहकार्य नवीन आहे असेही नाही. किंबहुना गोवा हे या सहकार्याचे आवडते सभागृह आहे. १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुलाचे नेते दिल्लीची परिषद मधेच सोडून आग्वादला विसाव्याला आले आणि 'गोवा जाहीरनामा' निघाला. २०१६ मध्ये बाणावलीला ब्रिक्सची शिखर परिषद झाली. २०२३ मध्ये तर रांगच लागली. जी-२० ची आरोग्यावरची बैठक, पर्यटनावरची, ऊर्जेवरची, शिवाय मे महिन्यात शांघाय सहकार्य संघटनेचे परराष्ट्रमंत्री. त्या जूनमध्ये पर्यटनातून शाश्वत विकासाची उद्दिष्टे कशी गाठावीत याचा एक 'गोवा रोडमॅप' तयार झाला. कळंगुट-बागाच्या एखाद्या माणसाला विचारा त्याच्याबद्दल. पाहुण्यांच्या मार्गावर तेवढ्या दिवसांत डांबर पडते, हे मात्र त्याला ठाऊक असते. परिषदा भरवू नयेत असे माझे म्हणणे नाही, हॉटेलवाल्यांचे पोट भरते. पण जागा आपली म्हणून विषयपत्रिकाही आपली, या भ्रमात राहू नये.

आता पैशांकडे येतो, आणि त्यासाठी जपानकडे.

गोवा आणि जपान यांचा संबंध पाण्याच्या आधी मातीचा आहे. पोर्तुगीज अमदानीतच, १९५० च्या दशकापासून, गोव्याचे लोहखनिज मुरगाव बंदरातून जपानच्या पोलाद कारखान्यांकडे जाऊ लागले. पुढची चार-पाच दशके जपान आपले सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते. चीन आला तो २००० नंतर. युद्धात होरपळलेल्या जपानने परदेशी खनिजात जे अगदी सुरुवातीचे पैसे गुंतवले त्यांत गोवा होता. सरकारी विकासकर्ज म्हणून जपानने जगात पहिले येनकर्ज दिले तेही भारताला, १९५८ साली. उपकार-अपकाराची भाषा इथे लागू पडत नाही. त्यांना खनिज हवे होते, आपल्याला गिऱ्हाईक.

मग २००७ साली याच जपानकडून गोव्याला पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणासाठी कर्ज मिळाले: सुमारे २,२८० कोटी येन. साळावलीच्या जलशुद्धीकरणाची क्षमता वाढवायची, नवे पाईप घालायचे, आणि मडगाव, म्हापसा व उत्तर गोव्याच्या किनारपट्टीत सांडपाण्याची व्यवस्था करायची. कर्ज देणारी जपानी बँकेची शाखा वर्षभरात 'जायका' या जपानच्या सरकारी सहकार्य संस्थेत विलीन झाली आणि तेव्हापासून दक्षिण गोव्यात 'जायका' हा मराठी-कोंकणी शब्द झाला. "रस्तो कोणें खणला?" "जायकान."

काम वाईट होते का? नाही. साळावलीचे पाणी आज ज्या घरांत पोचते त्यांतल्या अनेकांनी एकेकाळी विहिरीच्या तळाशी कळशी घासलेली आहे. २०२२ मध्ये 'हर घर जल' म्हणून प्रमाणित झालेले पहिले राज्य गोवा ठरले, त्यात या जाळ्याचा वाटा आहे. नीती आयोगाच्या २०२३-२४ च्या शाश्वत विकास निर्देशांकात आपल्याला १०० पैकी ७७ गुण मिळाले, ते हवेतून आलेले नाहीत. एप्रिल-मे मध्ये काही वाड्यांवर टँकर अजून फिरतात, हेही खरे. नळ असणे आणि नळाला पाणी असणे या दोन वेगळ्या रकान्यांतल्या गोष्टी आहेत.

माझा मुद्दा या कर्जाच्या तीन कोपऱ्यांबद्दल आहे, ज्यांच्याबद्दल गावात कुणी कधी बोलले नाही.

पहिला कोपरा येनचा. राज्यघटनेच्या २९३ व्या कलमानुसार राज्याला परस्पर परदेशातून कर्ज काढता येत नाही. कर्ज केंद्र घेते आणि राज्याला देते. २००५ पर्यंत केंद्र ते रुपयांत वळवून द्यायचे, चलनाचा धोका दिल्लीच्या डोक्यावर असायचा. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर हे बदलले. आता कर्ज जसे आले तसेच, त्याच अटींवर राज्याच्या गळ्यात पडते, आणि येनचा भाव वर-खाली झाला तर भोग राज्याचा. २००७ मध्ये एक येन साधारण ३५ पैशांना होता. २०१२ मध्ये तो ७० पैशांपर्यंत चढला. २०२४ मध्ये ५५ च्या आसपास. म्हणजे सही केली त्या दिवशी जे कर्ज आठशे कोटी रुपयांचे दिसत होते, तेच पाच वर्षांनी दुप्पट दिसू लागले. हे एकतर्फी नुकसान नाही, हेही सांगितले पाहिजे. महाग येनच्या काळात जो हप्ता उचलला त्याचे रुपयेही जास्त मिळाले, आणि येन उतरल्यावर फेडला तर फायदाच. पण हा सट्टा आहे. व्याजाचा दर कमी असल्याने तो परवडतही असेल. ज्या माणसाच्या पाणीपट्टीतून आणि करातून ती फेड होणार, त्याला आपण टोकियोच्या चलनबाजारात पैसे लावलेत याचा पत्ता नसावा, हे मात्र मला पटत नाही.

दुसरा कोपरा लाचेचा. या प्रकल्पाच्या सल्लागारांत असलेल्या लुई बर्जर या अमेरिकी कंपनीने २०१५ च्या जुलैत अमेरिकेच्या न्याय खात्यापुढे मान्य केले की भारत, इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि कुवेत इथली सरकारी कामे मिळवण्यासाठी आपल्या माणसांनी लाच दिली. १ कोटी ७१ लाख डॉलर दंड भरायला ती तयार झाली. भारतातल्या त्या कामांत गोव्याचे पाणी होते. मग इथे गुन्हा नोंदवला गेला, अटका झाल्या, एक माजी मंत्रीही त्यांत होते. कोण दोषी ते न्यायालय ठरवील. मला डाचते ते वेगळेच. रस्ता खणला जात होता तो आपल्या दारात, निविदा निघत होत्या पणजीत, आणि बिंग फुटले ते न्यू जर्सीच्या न्यायालयात दाखल झालेल्या कागदांतून. आपली ग्रामसभा, आपली नगरपालिका, आपली विधानसभा, कुणाच्याही हातात तो हिशेब वेळेवर नव्हता. देणाऱ्याने हिशेब जपानी करदात्याला दिला, दंड अमेरिकी तिजोरीत गेला. आपण वर्तमानपत्र वाचले.

तिसरा कोपरा सांडपाण्याच्या शेवटच्या दहा मीटरांचा, आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. सासष्टीत मोठी गटारवाहिनी घराच्या फाटकापुढून गेली, प्रक्रिया केंद्रे उभी राहिली, पण कित्येक घरे त्या वाहिनीला जोडलीच गेली नाहीत. साळ नदीची अवस्था बघितली की ते वास येऊन कळते. का जोडली नाहीत? लोक अडाणी म्हणून? माझ्या ओळखीच्या एका घरात मी विचारले. घर जुने, आजोबांच्या नावावर. वारसा कायद्याप्रमाणे भागदार अकरा. एक भागदार मुंबईला गिरगावात, दोघे इंग्लंडात स्विंडनला, एकाशी बोलणे बंद. अंगणातून पाईप न्यायचा तर भागदारांचा ना हरकत दाखला हवा. तो आणला तर प्लंबर, मग खात्याचा अर्ज, मग अंगणातली लादी फोडणे, मग पुन्हा घालणे. आणि मागच्या बाजूला शोषखड्डा तर आहेच, पन्नास वर्षे चालला. यजमान म्हणाले, "सर, फाटकामेरेन जपान पावलो. फाटका भितर आमचो कायदो."

पाईपचा व्यास, पंपाची अश्वशक्ती, कर्जाची मुदत हे सगळे प्रकल्पाच्या कागदात असते. गोव्याच्या घराला अकरा भागदार असतात, ही गोष्ट त्या कागदात कोण लिहिणार? टोकियोतल्या तज्ज्ञाला ती ठाऊक असण्याचे कारण नाही. पण मडगावच्या कुठल्याही वकिलाला, नोटरीला, ग्रामसभेत भांडणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याला ती ठाऊक होती. त्यांना विचारले असते तर कर्जातले काही पैसे घरजोडणीसाठी बाजूला काढता आले असते, ना हरकतीची अट सैल करण्याचा एखादा बदल आधीच करून ठेवता आला असता. लोकांना विचारावे, असा आग्रह मी धरतो तो लोकशाहीच्या प्रेमापोटी आहेच, पण तेवढ्यापुरता नाही. न विचारल्याने प्रकल्प फसतात, पैसे वाया जातात.

साळावलीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो. त्या धरणाच्या पोटात कुर्डी गाव आहे. मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी. गाव उठून वाडे-वालकिणीला गेला आणि दर मे महिन्यात पाणी ओसरले की जुने लोक सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. ज्याच्या नळाला साळावलीचे पाणी येते त्याने एकदा तिथल्या चिखलात उभे राहून यावे. 'राज्याचे प्राधान्य' ठरते तेव्हा कुणाचे तरी घर त्या प्राधान्याखाली असते. तो निर्णय परदेशी नव्हता, आपलाच होता. परक्यांनी लादले आणि आपल्यांनी ठरवले, अशी सोपी विभागणी करता येत नाही एवढ्यासाठी सांगितले.

उलट बाजूचे उदाहरण समुद्रातले आहे. १९५२ साली नॉर्वे, संयुक्त राष्ट्रे आणि भारत यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ मच्छीमारांच्या विकासाचा प्रकल्प सुरू झाला. हेतू इतका निर्मळ की त्यात दवाखाना होता, पिण्याचे पाणी होते, होड्यांना यंत्रे बसवणे होते. पण कोळंबीला परदेशात भाव आला आणि प्रकल्पाने सुकाणू वळवले. यंत्राची होडी ट्रॉलर झाली, डॉलर मिळू लागले, आणि हेच प्रारूप मग पंचवार्षिक योजनांतून सगळ्या किनाऱ्यावर पसरले. नॉर्वेचा पैसा गोव्यात आला नाही, पण ट्रॉलर आला, सरकारी अनुदानावर आला. सत्तरच्या दशकात आपले रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणारे मच्छीमार, किनाऱ्यावर उभे राहून बघत होते की त्यांच्या रापणीत यायची मासळी आदल्या रात्रीच कुणीतरी तळ खरवडून नेली आहे. मातानी साल्ढाणांसारख्यांनी ते आंदोलन उभे केले, १९७८ मध्ये त्यातून देशपातळीवरची मच्छीमारांची संघटना झाली, आणि १९८० चा कायदा आला: किनाऱ्यापासून ५ किलोमीटरपर्यंत ट्रॉलरला बंदी. ती बंदी किती पाळली जाते ते मालिमच्या जेटीवर विचारा.

त्या प्रकल्पाच्या अहवालात उत्पादन वाढले, निर्यात वाढली. स्वतःच्या मोजपट्टीने तो यशस्वी होता. रापण ओढणाऱ्या चाळीस माणसांसाठी त्या मोजपट्टीवर रेघच नव्हती.

मग परदेशी सहकार्य नकोच, असा सूर आपल्याकडे अधूनमधून लागतो. आपण काय कमी आहोत? भारत स्वतः १९६४ पासून इतर देशांच्या लोकांना प्रशिक्षण देतो. वास्कोच्या गोवा शिपयार्डात मॉरिशससाठी आणि श्रीलंकेसाठी गस्ती नौका बांधून झाल्या. देणाऱ्यांच्या रांगेत आपणही उभे आहोत, आणि तिथे उभे असताना पोर्ट लुईच्या कोळ्याला आपण काही विचारतो का, हा प्रश्न मी इथेच सोडून देतो. पण 'नकोच' म्हणणाऱ्यांनी दोना पावलाला जाऊन यावे. तिथे जी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे ती आंतरराष्ट्रीय सहकार्यातून जन्मली. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात डझनभराहून जास्त देशांनी चाळीसेक जहाजे घेऊन हिंदी महासागर पिंजून काढला. भारताने आपले 'आयएनएस किस्तना' त्यात लावले. मोहीम संपली तेव्हा नमुने, नोंदी आणि मुख्य म्हणजे तयार झालेली माणसे भारतात उरली, आणि १ जानेवारी १९६६ रोजी डॉ. एन. के. पणिक्कर यांच्या संचालकत्वाखाली ही संस्था सुरू झाली. पन्नास वर्षांनी, २०१५ च्या डिसेंबरात, त्या मोहिमेचे दुसरे पर्व सुरू झाले ते गोव्यातूनच. पहिल्या वेळी आपण पाहुण्यांच्या पंगतीत जागा मागून घेतली होती, दुसऱ्या वेळी पंगत आपल्या अंगणात वाढली गेली.

फरक कशाने पडला? पैशांच्या आकड्याने नाही. मोहीम मॉन्सून समजून घेण्यासाठी होती आणि मॉन्सून ही आपलीही गरज होती. शिवाय आपला माणूस जहाजावर होता, आकडे इथल्या कपाटात राहिले, आणि पुढचा पगार आपण द्यायची तयारी ठेवली.

लहान उदाहरण हवे असेल तर तेरेखोल ओलांडून सिंधुदुर्गात जावे. तिथे जागतिक पर्यावरण निधीचा पैसा संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत आला. त्यातल्या बऱ्याच गोष्टी आल्या तशा गेल्या असतील. पण वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांच्या बचत गटाने कांदळवनाची सफर सुरू केली. होडी वल्हवतात त्या, माहिती सांगतात त्या, पैसे मोजतात त्याच. प्रकल्पाची मुदत संपली आणि होडी चालू राहिली. कारण तिची दुरुस्ती करणारा आणि तिच्यावर पोट भरणारा एकच.

आता येणारा काळ वेगळा आहे. श्रीमंत देशांनी आपल्या उत्पन्नाचा ०.७ टक्का द्यावा हे १९७० पासूनचे वचन. २०२४ मध्ये ते सगळे मिळून ०.३३ वर होते. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली मदतसंस्थाच बंद केली. अनुदान आटले आहे. जे येईल ते कर्ज, किंवा सध्याचा लाडका शब्द 'मिश्र वित्त'. २०२४ मध्ये गोवा सरकारने जागतिक बँकेबरोबर हवामानविषयक कामांसाठी अशाच मिश्र वित्ताची सोय जाहीर केली, देशात राज्यपातळीवर पहिलीच म्हणून. कल्पना अशी की सार्वजनिक पैसा पुढे होऊन धोका अंगावर घेतो, म्हणजे खासगी गुंतवणूकदार धीर करून मागून येतो. कल्पनेत खोट नाही. पण 'पहिला तोटा' ज्याचा त्याचे नाव आधी लिहा, एवढे तरी म्हणावे की नाही? आणि खासगी पैसा जाईल तो जिथे परतावा आहे तिथे: सौर पटले, विजेवरच्या बसगाड्या, हॉटेलांचा कचरा. मानशीच्या दाराला परतावा काय? ते मिटते आणि उघडते.

मानस बँकेसाठी फार लहान आहे, हीच तिची अडचण. मोठ्या संस्थेला पाच कोटींच्या कामाला जेवढे कागद लागतात तेवढेच पाचशे कोटींच्या कामाला, मग ती पाचशेकडे वळते. निविदेत तीन वर्षांच्या उलाढालीची अट असते. जो मेस्त, म्हणजे सुतार, पिढ्यान्‌पिढ्या मानशीची दारे करतो त्याच्याकडे उलाढालीचा दाखला कुठला? काम जाते काँक्रीटवाल्याकडे, आणि काँक्रीटच्या मानशीला लोखंडी दार बसते, जे खाऱ्या हवेत गंजून पडते. यावर उपाय नाही असे नाही. पन्नास-शंभर मानशी, त्यांचे बांध एकत्र बांधून एक निधी करता येईल, आणि खर्च कूळ-शेतकऱ्यांच्या संघटनेच्या हातून, तालुक्याच्या देखरेखीखाली. या संघटनांत भांडणे आहेत, काहींना खारे पाणी आत घेऊन कोळंबी करायचीच आहे, हे मला माहीत आहे. गावकारीच्या, म्हणजे गावाच्या जुन्या सामुदायिक कारभाराच्या, काळातही भांडणे होती. तरी बांध शतकानुशतके टिकले.

"ग्रामसभांना विचारले तर त्या प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतात," असे अधिकारी खासगीत सांगतात. त्यांनी २००८ आठवावे. प्रादेशिक आराखडा २०११ लोकांनी रस्त्यावर उतरून रद्द करायला लावला, आणि मग वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया ज्यात होते त्या कृतिदलाच्या काळात नव्या आराखड्याचे नकाशे गावोगाव पाठवले गेले. गावांनी काय केले? रविवारी रविवारी बसून नकाशावर खाजने दाखवली, झरे, पोयी, देवराया दाखवल्या, चुकीचे सर्व्हे क्रमांक दुरुस्त केले. हे मी पाहिले आहे, माझ्या गावात एका निवृत्त तलाठ्याने टेबलावर नकाशा पसरून रंगीत पेन्सिली वाटल्या होत्या. तो आराखडा पुढे राजकारणाने शीतपेटीत टाकला, ते सोडा. पण गावाची प्राधान्ये काय, हे शोधायला परदेशी सल्लागार लागत नाही. ती कागदावर आहेत, धूळ खात.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि तिला जपानची वा जागतिक बँकेची परवानगी लागत नाही. ज्या कामाला परदेशी पैसा येणार, त्याचे दोन पानी टिपण मराठीत आणि कोंकणीत, सही होण्याआधी, ज्या गावांतून ते काम जाणार तिथल्या ग्रामसभेपुढे यावे. कर्ज कोणत्या चलनात, फेड किती वर्षे, मुदत संपल्यावर देखभाल कोण करणार आणि कोणत्या पैशातून, एवढे त्यात असावे. ग्रामसभेला नकाराधिकार द्या असे मी म्हणत नाही. राज्याचे पाणी एका गावाच्या मर्जीवर ठेवता येणार नाही, कुर्डीने ते आपल्याला फार कडू पद्धतीने शिकवले आहे. पण ऐकून घ्या, आणि काय ऐकले ते सही होणाऱ्या कागदाला जोडा.

स्वतःपुरता प्रयोग म्हणून त्या हॉटेलातल्या कार्यशाळेचा इंग्रजी गोषवारा मी मराठीत उतरवला आणि गेल्या ग्रामसभेत वाचायची परवानगी घेतली. एका शब्दाशी अडलो. प्रकल्पाशी ज्यांचा संबंध येतो त्या सगळ्यांना इंग्रजीत 'स्टेकहोल्डर' म्हणतात. मी 'हितसंबंधी' लिहिले होते, तो शब्द वाचताना मलाच परका वाटला. पुढच्या बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "भागदार म्हण मरे."

मी 'भागदार' म्हणून वाचले. वाचून संपले तेव्हा आजोबांनीच विचारले, "बरें, भागदार न्हय आमी? मागीर आमचो भाग कितलो बरयला?"

मी पाने पुन्हा चाळली. तोवर सचिवांनी पुढचा विषय पुकारला होता: वाड्यावरचे पथदीप.